श्रम, ताण आणि विसावा

मनुष्याचे शरीर श्रमाने झिजते की श्रमाने घडते, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. परंतु अनुभव त्याच्या दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. धक्क्यावर ओझी वाहून पन्नाशीतच वाकलेला हमाल आणि तालमीत रोज जोर-बैठका काढून साठीतही ताठ चालणारा वस्ताद, हे दोघेही कष्टाचेच धनी. एकाच्या वाट्यास झीज आली, दुसऱ्याच्या वाट्यास बळ आले. मग कष्ट हे शरीराचे शत्रू म्हणावेत की मित्र? आयुर्वेदाच्या आचार्यांनी या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असे सुश्रुतसंहिता सांगते आणि त्या अर्ध्या शक्तीची खूणही देते: श्वास तोंडावाटे येऊ लागला, की बलार्ध झाले असे समजावे. चरकसंहितेत अतिव्यायामाने जडणाऱ्या विकारांची यादीच आहे. नियम उत्तम होता. परंतु तो तसा का असावा, श्रमाच्या वेळी शरीराच्या आत नेमके काय घडते, याचा उलगडा होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि तो बव्हंशी पुरा होण्यास आणखी शंभर वर्षे लागली. हा इतिहास वैद्यांच्या कामाचा आहेच; पण जो कोणी व्यायाम करतो, दुसऱ्याकडून करवून घेतो, किंवा दुसऱ्याला श्रमास लावतो, त्या प्रत्येकाच्याही तो कामाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ पॅरिसमध्ये होतो. क्लोद बेर्नार (१८१३-१८७८) या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, प्राणी जरी बाहेरच्या जगात वावरत असला, तरी त्याच्या पेशी प्रत्यक्षात रक्त व शरीरद्रव यांच्या एका अंतर्गत परिसरात राहत असतात. बाहेर हिवाळा असो वा उन्हाळा, आतील ऊब, साखर आणि क्षार यांचे प्रमाण फारसे ढळत नाही. आणि ते ढळत नाही म्हणूनच प्राण्यास बाहेर स्वतंत्रपणे हिंडता-फिरता येते. या विचारातून पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. मनुष्य धावू लागला की स्नायूंची साखरेची व प्राणवायूची मागणी विश्रांतीच्या वेळेपेक्षा अनेक पटींनी वाढते. ही मागणी पुरवूनही आतला तोल राखण्याची व्यवस्था कोण पाहतो?

त्या व्यवस्थेचा पहिला कारभारी सापडला तो मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथींत. या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क टोचल्यास प्राण्याचा रक्तदाब झपाट्याने चढतो, असे १८९४ साली लंडनमध्ये ऑलिव्हर व शेफर या दोघांनी दाखविले. १९०१ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने अमेरिकेत त्या अर्कातील सक्रिय द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केल्याचे जाहीर केले. हेच ॲड्रेनलिन. द्रव्य हाती आले. पण निसर्गाने ते कशासाठी योजले आहे, हे अद्याप कोणालाच सांगता येत नव्हते.

ते सांगितले हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी. १९११ साली त्यांनी एक साधा प्रयोग केला. मांजराजवळ भुंकणारा कुत्रा आणला आणि भेदरलेल्या मांजराच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणारे रक्त तपासले. शांत मांजराच्या रक्तात जे द्रव्य आढळत नव्हते, ते भ्यालेल्या मांजराच्या रक्तात आढळले. हृदयाची गती वाढणे, पोटातील रक्त स्नायूंकडे वळणे, यकृतातून साखर सुटणे, श्वासनलिका रुंदावणे, रक्त लवकर गोठणे, या सर्व बदलांची संगती कॅनन यांनी एका सूत्रात लावली: प्राणी लढण्यास वा पळण्यास सिद्ध होत आहे. म्हणजे भीतीची व क्रोधाची सारी शारीरिक लक्षणे ही मुळात भावी श्रमाची पूर्वतयारी होती.

कॅनन यांचे पुढचे निरीक्षण याहूनही बोलके आहे. १९१३ सालच्या मोसमातील अखेरच्या व सर्वांत चुरशीच्या सामन्यानंतर त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने हार्वर्डच्या फुटबॉल संघातील २५ खेळाडूंचे मूत्र तपासले. १२ जणांच्या मूत्रात साखर उतरली होती. आणि या १२ पैकी ५ जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते. बाकावर बसून त्यांनी सामना पाहिला होता. श्रमासाठी भांडार उघडले गेले, माल बाहेर काढला गेला, पण तो उचलण्यास कोणी आलेच नाही. खुर्चीत बसून दिवसभर चिंता वाहणाऱ्या आधुनिक माणसाची अवस्था या पाच खेळाडूंसारखीच आहे. १९१५ साली कॅनन यांनी आपले हे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि १९२६ साली अंतर्गत समतोल राखण्याच्या शरीराच्या या सामर्थ्यास त्यांनी 'होमिओस्टॅसिस' असे नाव दिले.

यानंतरचे प्रकरण घडले कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी. व्हिएन्नात जन्मलेले हान्स सेल्ये हे तेथील मॅकगिल विद्यापीठात एका नव्या संप्रेरकाचा शोध घेत होते. अर्क टोचलेल्या उंदरांची शरीरे उघडून पाहता त्यांना तीन गोष्टी आढळल्या: अधिवृक्क ग्रंथींची साल वाढलेली, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण पडलेले. परंतु हीच त्रयी त्यांना थंडीत ठेवलेल्या, शस्त्राने जखमी केलेल्या आणि विषारी द्रव्ये दिलेल्या उंदरांतही आढळली. संप्रेरकाचा शोध फसला. पण त्यातून निराळेच काही हाती लागले. शरीरावर येणारा आघात कोणताही असो, त्यास शरीराचे एक समान उत्तर असते, हा निष्कर्ष सेल्ये यांनी ४ जुलै १९३६ च्या 'नेचर' या नियतकालिकात एका छोट्याशा पत्राने जाहीर केला. प्रथम धोक्याची घंटा, मग प्रतिकाराचा काळ, आणि आघात चालूच राहिला तर अखेर शक्तिपात, अशा त्याच्या तीन अवस्था त्यांनी वर्णिल्या. पुढे या अवस्थेस 'स्ट्रेस' हा शब्द जगभर रूढ झाला; मराठीत आपण त्यास ताण म्हणतो.

या पत्रात आघातांची जी यादी दिली होती, तीत थंडी, शस्त्रक्रिया व विष यांच्या बरोबरीने स्नायूंच्या अतिश्रमाचाही उल्लेख होता. शरीरास बळ देणारी गोष्ट विषाच्या पंक्तीस येऊन बसली होती. सेल्ये यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. उंदीर दमून पडेपर्यंत पळविले तर त्यांची ती अवस्था होतेच. परंतु हेच जर संपूर्ण सत्य असते, तर मैलोगणती धावणारे आणि मणभर वजने उचलणारे लोक तरुणपणीच झिजून गेले असते. प्रत्यक्षात तसे होत नव्हते. सिद्धान्तात कोठेतरी काहीतरी राहून गेले होते.

जे राहून गेले होते, त्याचा एक भाग हार्वर्डमध्येच, एका तळघरात तपासला जात होता. १९२७ साली लॉरेन्स हेंडरसन यांनी तेथे थकव्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा काढली. डेव्हिड ब्रूस डिल यांच्या देखरेखीखाली ती १९४७ पर्यंत चालली. बॉस्टनची मॅरेथॉन शर्यत सात वेळा जिंकणारा क्लॅरेन्स डीमार हा येथे सरकत्या पट्ट्यावर धावला. ज्या वेगाने धावताना सामान्य माणसाच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचू लागे, त्याच वेगाने धावताना डीमारच्या रक्तात ते फारसे वाढत नसे. बाहेरून पाहता दोघांचे श्रम सारखेच; आतून पाहता एकास ते संकट, तर दुसऱ्यास नित्याचा फेरफटका. श्रमाचे माप कोसांत वा शेरांत घेता येते, परंतु ताणाचे माप तो सोसणाऱ्या शरीराच्या तयारीवरून ठरते, हा धडा या प्रयोगशाळेने दिला.

दुसरा भाग एका लष्करी रुग्णालयातून पुढे आला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील रुग्णालये मांडीचे हाड मोडलेल्या, गुडघा दुखावलेल्या सैनिकांनी भरून गेली होती. महिनोन्महिने पडून राहिल्याने त्यांचे स्नायू वाळत. आणि त्यांना फार तर हलकी वजने पुष्कळ वेळा उचलावयास देत, कारण दुखावलेल्या अवयवास जड भार झेपणार नाही अशी वैद्यांची समजूत होती. शिकागो येथील गार्डिनर रुग्णालयातील तरुण डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी ही समजूत बाजूस ठेवली. किशोरवयात त्यांना स्वतःला संधिवाताच्या तापाने अंथरुणास खिळविले होते आणि वजने उचलूनच त्यांनी आपले शरीर पुन्हा उभे केले होते. जे वजन रुग्णास जेमतेम दहा वेळा उचलता येईल, ते शोधून काढावयाचे, त्यावर व्यायाम द्यावयाचा आणि शक्ती वाढेल तसतसे ते वजन वाढवीत न्यावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. १९४५ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. आरंभी ते एका बैठकीत दहा-दहा उचलींच्या सात ते दहा फेऱ्या करवून घेत. पण १९४८ पर्यंत अनुभवाने त्यांच्या ध्यानी आले की इतक्या फेऱ्यांची गरज नाही. अर्ध्या भाराने एक, पाऊण भाराने एक आणि पूर्ण भाराने एक, अशा तीन फेऱ्या पुरेशा होतात. भार जड असावा, पण मोजका असावा, या नियमाने असंख्य सैनिकांना आपल्या पायांवर उभे केले.

याच सुमारास युरोपात धावपटूंच्या शिक्षणातही क्रांती होत होती. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे वोल्डेमार गेर्शलर हे शिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयरोगतज्ज्ञ यांनी अंतर तोडून तोडून धावण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. थोडे अंतर वेगाने धावावयाचे, मग नाडी ठराविक आकड्यापर्यंत खाली येईतो थांबावयाचे, पुन्हा धावावयाचे. या पद्धतीत मधल्या विसाव्यास धावण्याइतकेच महत्त्व होते. नाडी वेळेत उतरली नाही, तर त्या दिवशीचा व्यायाम आवरता घेत. गेर्शलर यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले. तो विक्रम १९५५ पर्यंत टिकला. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने अशाच तुटक धावण्याचा प्रचंड सराव करून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके मिळविली.

त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यांच्या कुस्त्यांविषयी जो वृत्तान्त नेहमी सांगितला जातो, तो या विषयास धरूनच आहे. जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ झुंज होते न होते, तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यास उभे केले गेले. नियमाने दोन कुस्त्यांच्या मध्ये मिळावयाची अर्ध्या तासाची विश्रांती मागण्यासाठी भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे म्हणतात. पुढे इशीला सुवर्ण आणि सोव्हिएत मल्लाला रौप्यपदक मिळाले. पट्टीच्या दोन मल्लांच्या मधला अर्धा तास ही किती मोलाची वस्तू असते, हे रक्ताची परीक्षा न करताही कोणत्याही तालमीतला वस्ताद सांगू शकेल.

रक्ताची परीक्षाही आता फार दूर नव्हती. अधिवृक्क ग्रंथीच्या सालीतून निघणाऱ्या संप्रेरकांवरील कार्यासाठी केंडाल, राइखस्टाइन व हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. यांपैकी कॉर्टिसॉल हे ताणाच्या इतिहासातील दुसरे मोठे पात्र. ॲड्रेनलिन क्षणात धावून येते आणि काही मिनिटांत ओसरते. कॉर्टिसॉल सावकाश चढते आणि तासन्‌तास टिकते. ते यकृताकडून साखर करवून घेते, गरज पडल्यास स्नायूंतील प्रथिनेही मोडून वापरास काढते आणि दाह आवरून धरते. रोज पहाटेच्या सुमारास ते चढते आणि मध्यरात्री उतरते; म्हणजे ते काही केवळ संकटाचे द्रव्य नव्हे. रक्तात ते अत्यल्प असते. परंतु १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रोझालिन यालो व सॉलोमन बेर्सन यांनी किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने अशी सूक्ष्म मात्रा मोजण्याची रीत शोधली. यालो यांना त्याबद्दल १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बेर्सन तोपर्यंत निवर्तले होते. या रीतीमुळे व्यायामशाळा ही एक प्रयोगशाळा बनली.

मोजमापे हाती येताच सेल्ये यांच्या सिद्धान्ताची फेरतपासणी सुरू झाली. अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेतील जॉन मेसन यांनी १९७१ साली एक मार्मिक आक्षेप घेतला. उपाशी ठेवलेल्या माकडांत कॉर्टिसॉल चढते खरे. पण त्यांना पोषणमूल्य नसलेल्या चवदार गोळ्या देऊन त्यांची तगमग टाळली, तर उपवास तोच असूनही ते चढत नाही. उष्णताही एकदम न वाढविता हळूहळू वाढविली, तर तो प्रतिसाद उमटत नाही. यावरून मेसन यांनी असे अनुमान काढले की, सर्व आघातांस शरीर एकच उत्तर देते ही कल्पना अपुरी आहे. त्या उत्तरात भय, अनपेक्षितता आणि अगतिकता यांचा वाटा फार मोठा असतो. व्यायामाच्या बाबतीत तर शरीराची उत्तरे स्पष्टपणे निरनिराळी आढळू लागली.

सौम्य व्यायामापासून प्रारंभ करू. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ पुरुषांना तीन निरनिराळ्या दिवशी अर्धा-अर्धा तास व्यायाम दिला. प्राणवायू वापरण्याच्या कमाल शक्तीच्या ४० टक्के पातळीवर कॉर्टिसॉल वाढले तर नाहीच, उलट किंचित उतरले. ६० टक्क्यांवर ते सुमारे ४० टक्क्यांनी चढले, आणि ८० टक्क्यांवर सुमारे ८० टक्क्यांनी. म्हणजे श्रमाला एक उंबरठा आहे. त्याच्या अलीकडील व्यायाम शरीरास निववतो. पलीकडील व्यायाम त्यास जागे करतो. सुश्रुताने सांगितलेली बलार्धाची खूण हा त्याच शोधाचा एक फार जुना प्रयत्न होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात श्रमाच्या तीव्रतेइतकाच काळही प्रभावी ठरतो. शरीरातील साखरेचा साठा जसजसा ओसरतो, तसतसे कॉर्टिसॉल चढत जाते. वाटेत साखरेचे पेय घेतल्यास ही चढण कमी होते. उलट, थोड्या सेकंदांच्या जीव तोडून केलेल्या धावेत ॲड्रेनलिन व त्याचे भावंड नॉरॲड्रेनलिन ही अनेक पटींनी उसळतात. वजने उचलण्यातही सर्व प्रकार सारखे नाहीत. पाच वेळाच उचलता येईल असे जड वजन घेऊन दोन फेऱ्यांच्या मध्ये तीन मिनिटे विसावा घेतला, तर संप्रेरकांची खळबळ बेताचीच होते. दहा वेळा उचलता येईल असे मध्यम वजन घेऊन अवघ्या एका मिनिटाच्या विसाव्याने पुष्कळ फेऱ्या केल्या, तर लॅक्टिक आम्ल, शरीरवाढीचे संप्रेरक आणि कॉर्टिसॉल ही तिन्ही जोराने चढतात. विल्यम क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेने ही गोष्ट प्रस्थापित केली. अधिक जड तो अधिक ताणाचा, हा सामान्य समज येथे खोटा ठरतो. दोन फेऱ्यांमधला श्वास घेण्याचा अवकाश किती, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

मात्र जड वजनाचा ताण निराळ्या वाटेने दिसतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून वजन उचलतानाचा रक्तदाब थेट मोजण्यात आला. दोन्ही पायांनी कमाल भार रेटताना त्यांचा सरासरी दाब पाऱ्याच्या ३२० वर २५० मिलिमीटरपर्यंत गेला. एकाचा तर ४८० वर ३५० च्याही पलीकडे पोहोचला. काही क्षणांची ही उसळी निरोगी तरुण धमन्या सोसतात. पण ज्याचा रक्तदाब मुळातच चढा आहे, अशा प्रौढाने श्वास कोंडून, वैद्याचा सल्ला न घेता, एकाएकी जड वजनास हात घालू नये, हे सांगण्यास याहून मोठा पुरावा नको.

सरावाने या सर्व प्रतिसादांना वळण लागते. अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांकडून सात आठवडे दमसासाचा कठोर व्यायाम करवून घेतला गेला आणि त्याच त्या भारास त्यांचे शरीर किती ॲड्रेनलिन सोडते हे वेळोवेळी पाहिले गेले. ते प्रमाण पुष्कळ उतरले, आणि त्यातील बहुतेक उतार पहिल्या तीन आठवड्यांतच झाला. नवख्यास जे संकट वाटते, ते शरीर इतक्या लवकर ओळखीचे करून घेते. सेल्ये यांच्या सिद्धान्तात जे राहून गेले होते ते हेच: आघात ठराविक मापाचा असेल आणि दोन आघातांमध्ये सावरण्यास वेळ मिळत असेल, तर शरीर पूर्वीपेक्षा अधिक सामर्थ्याने उभे राहते. सेल्ये यांनीही उत्तरायुष्यात हितकर ताण आणि अहितकर ताण असा भेद मान्य केला.

तथापि शरीराच्या या औदार्यास मर्यादा आहेत. स्वतः वजन उचलण्याचा शौक असलेले संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली दाखविले की, बळाचा व दमसासाचा कठोर व्यायाम एकाच वेळी दहा आठवडे चालविणाऱ्यांचे बळ सुमारे सात आठवडे वाढते, मग थबकते आणि शेवटी उतरू लागते. केवळ बळाचा व्यायाम करणाऱ्यांचे मात्र वाढतच राहते. ब्रूस मॅकएवेन यांनी १९९३ साली अपुरी झोप, चिंता, कामाचा जाच, आजारपण अशा सर्व ताणांच्या एकत्रित ओझ्याचा विचार मांडला. शरीर मैदानावरचा ताण आणि कचेरीतला ताण यांचे निराळे खाते ठेवीत नाही. दोन्हींचा खर्च एकाच खजिन्यातून होतो. अतिसरावाने खेळाडूचे बळ, झोप, भूक आणि उमेद ही एकदमच खचतात. या व्याधीविषयी युरोप व अमेरिकेतील क्रीडावैद्यक संस्थांनी २०१३ साली जे संयुक्त निवेदन काढले, त्यात ती ओळखण्यासाठी रक्ताची कोणतीही एकच खात्रीची परीक्षा नाही, असे स्पष्टपणे नमूद केले आहे.

यामुळे जुन्या तालमींतील शिस्तीकडे आज नव्या आदराने पाहावे लागते. मेहनतीनंतर मालीश, खुराक, दुपारची झोप आणि वस्तादाची शिष्याच्या चेहऱ्यावर असलेली नजर, हा सारा विसाव्याचाच बंदोबस्त होता. बडोद्यास माणिकरावांच्या व्यायाममंदिरात शिकलेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून क्ष-किरण व रक्तदाबमापक घेऊन योगासनांची परीक्षा आरंभिली, तेव्हा स्नायूंस शिणविणारा व्यायाम आणि त्यांस निववणारा व्यायाम हा भेद प्रयोगाने पाहण्याची दिशा भारतात खुली झाली होती. कॅनन यांचा ग्रंथ निघून तेव्हा अवघी नऊ वर्षे लोटली होती.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष व्यवहारात उतरविणे कठीण नाही. वर्षभर बैठे काम करून सैन्याच्या वा पोलिसांच्या भरतीआधी पंधरवडाभर जिवाच्या आकांताने धावणारा तरुण शरीरास ओळख पटविण्याची संधीच देत नाही. तेच धावणे चार-सहा महिन्यांवर वाटून घेतले तर त्यातून बळ येते. परीक्षेच्या दिवसांत जागरणे करणाऱ्या मुलांवर कवायतीची शिक्षा लादणारा शिक्षक एकाच खजिन्यावर दोन हुंड्या काढतो. आणि चिंतेने ग्रासलेल्या प्रौढास संध्याकाळी तासभर बेताने चालण्याचा सल्ला दिला जातो, तो केवळ परंपरेने नव्हे. राखीव खेळाडूंच्या रक्तात उगीच सुटलेली ती साखर खर्ची पडण्याची हीच सर्वांत सौम्य वाट आहे.

आता आरंभीच्या हमालाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण या विद्येचा खरा कस तेथेच लागतो. वस्तादाने आपला भार स्वतः निवडला, तो क्रमाने वाढविला, आणि थकल्यावर तो खाली ठेवला. हमालास भार दुसऱ्याने निवडून दिला. विसावा घेतला तर मजुरी बुडते, आणि संध्याकाळचे अन्न त्या मजुरीवर अवलंबून असते. दोघांच्या रक्तात सुटणारी द्रव्ये तीच आहेत. पण मेसन यांनी ज्या अगतिकतेकडे बोट दाखविले, ती एकाच्याच वाट्यास येते. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्यास एक सुट्टी ठरवून दिली. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने नित्य वाहावयाच्या ओझ्यास ५५ किलोंची मर्यादा असावी अशी शिफारस केली. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. हे निर्णय दयेपोटी झाले असे कोणी समजेल. परंतु प्रयोगशाळांनी शंभर वर्षांत जे सिद्ध केले, त्याच्याशी ते तंतोतंत जुळतात. ज्या शरीरास मापाचा भार, पोटभर अन्न आणि वेळेवर विसावा मिळतो, त्यास श्रम घडवितात. आणि ज्यास ही तिन्ही नाकारली जातात, त्यास तेच श्रम झिजवितात. यांपैकी पहिली स्थिती थोड्या मल्लांची मिरास न राहता प्रत्येक कष्टकऱ्याच्या वाट्यास यावी, ही जबाबदारी शरीरशास्त्राने आता समाजाच्या हाती सोपविली आहे.